जुनी पेट्रोल गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद का पडते? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कोणत्या गाड्यांना लागू पडते?

साधारण पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्या येथे गृहीत धरल्या आहेत. कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत कार्बोरेटरवरची मारुती ८००, ओम्नी, जिप्सी, प्रीमियर पद्मिनी अशा गाड्या आजही हौसेने आणि गरजेनेही वापरल्या जातात. २००० च्या सुमारास इंजेक्टरने पेट्रोल देणारी एमपीएफआय यंत्रणा आपल्याकडे रूढ झाली. त्या काळातील सँट्रो, झेन, वॅगन आर, अल्टो याही आता जुन्या गाड्यांतच मोडतात. या दोन पिढ्यांची इंजिने बंद पडण्याचे मूळ कारण बहुधा सारखेच असते, मात्र ते शोधण्याची पद्धत वेगळी असते, म्हणून आवश्यक तेथे दोहोंचा उल्लेख स्वतंत्र केला आहे.

हायवेवर गाडी उत्तम पळते, मग दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नललाच बंद का पडते?

आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असते तेव्हा, इंजिनाकडे राखीव ताकद जवळजवळ नसते. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की थ्रॉटलची झडप मिटते, बारीकशा फटीतून जेमतेम हवा आत जाते आणि तेवढ्या हवेत मिसळलेल्या थोड्याशा पेट्रोलवर इंजिनाला स्वतःचे घर्षण, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर एवढा भार ओढावा लागतो. मिनिटाला ७५० ते ९५० फेरे या पट्ट्यात बहुतेक लहान गाड्यांचे आयडलिंग बसवलेले असते. एका फेऱ्यात एखाद्या सिलिंडरने दगा दिला, तर तीन सिलिंडरच्या इंजिनाची एक तृतीयांश ताकद त्या क्षणी गेलेली असते. हायवेवर तीच चूक फ्लायव्हीलच्या गतीत विरून जाते आणि चालकाला जाणवतही नाही.

गळतीचा हिशेबही असाच आहे. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) फाटक्या पॅकिंगमधून ठरावीक हवा आत शिरत असेल, तर पूर्ण रेसवर ती एकूण हवेच्या तुलनेत नगण्य असते. आयडलिंगला मात्र तीच हवा मिश्रणाचा मोठा हिस्सा होऊन बसते आणि मिश्रण इतके पातळ होते की ठिणगी पडूनही ते नीट पेट घेत नाही. त्यामुळे ‘वेगात चांगली चालते, उभी राहिली की बंद पडते’ हे वर्णन ऐकताच हवेची गळती, आयडलिंगचा पेट्रोलमार्ग आणि ठिणगी या तीन गोष्टींकडे आधी पाहावे. उलट गाडी चढाला दम टाकत असेल आणि आयडलिंगला ठीक असेल, तर संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर जातो.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी काय टिपून ठेवावे?

आमच्या मते निदानाचा निम्मा भाग येथेच पूर्ण होतो आणि नेमका हाच भाग बहुतेक गाडीमालक गाळतात. ‘मिस्त्री, गाडी बंद पडते, बघा’ एवढेच सांगून किल्ली दिली, की गॅरेजमध्ये गाडी थंड उभी असताना व्यवस्थित चालते, मिस्त्री अंदाजाने प्लग बदलतात, आणि आठवड्याने गाडी पुन्हा त्याच दारात येते.

पहिली नोंद तापमानाची करावी. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या दोन-चार मिनिटांतच बंद पडत असेल आणि तापल्यावर सुधारत असेल, तर चोक, थंड इंजिनाला जास्त हवा देणारी व्यवस्था किंवा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर यांकडे बोट जाते. याउलट अर्धा तास चालल्यावरच त्रास सुरू होत असेल, तर इग्निशन कॉइल, क्रँकशाफ्टचा पोझिशन सेन्सर, पेट्रोलची वाफ होणे किंवा तापल्यावर फट सोडणारी पॅकिंग, ही यादी पुढे येते.

दुसरी नोंद बंद पडण्याच्या पद्धतीची. इंजिन स्विच बंद केल्यासारखे एकदम थांबते की आधी धडधडत, गटांगळ्या खात विझते? एकदम थांबणे हे बहुधा विजेच्या बाजूचे लक्षण आहे. हळूहळू विझणे हे हवा आणि पेट्रोलच्या बाजूचे.

तिसरी नोंद भाराची. एसी लावल्यावर, हेडलाइट लागल्यावर, रेडिएटरचा पंखा सुरू झाल्यावर, उभ्या गाडीचे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर की ब्रेक दाबल्यावर? ब्रेकचा उल्लेख येथे चुकून आलेला नाही. पॉवर ब्रेकचा बूस्टर (पेडलला जोर देणारी डबी) इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढण्याच्या जोरावर चालतो. त्याचा पडदा किंवा नळी फाटली असेल, तर पेडल दाबताच बाहेरची हवा मॅनिफोल्डमध्ये शिरते आणि इंजिन विझते. असे आढळल्यास हा आयडलिंगचा नव्हे तर ब्रेकचा बिघाड समजून त्याच दिवशी दुरुस्ती करून घ्यावी.

याखेरीज पेट्रोल भरल्यानंतर, पाऊस पडल्यावर, बॅटरी बदलल्यावर किंवा नुकत्याच केलेल्या एखाद्या कामानंतर त्रास सुरू झाला का, हेही लिहून ठेवावे.

आयडल स्क्रू थोडा आवळला की गाडी बंद पडत नाही. मग तेवढेच केले तर काय बिघडते?

बिघाड तसाच राहतो, त्याचा आवाज तेवढा दबतो. फेरे वाढवल्याने थ्रॉटल थोडा उघडा राहतो आणि इंजिन आजारी स्थितीतच तग धरते. पण पेट्रोल जास्त लागते, गिअर टाकताना खट्ट आवाज येतो आणि उतारावर इंजिनाचे ब्रेकिंग कमी होते. कार्बोरेटरच्या गाडीत याचा आणखी एक तोटा आहे. थ्रॉटल आयडलिंगच्या छिद्रापुढे सरकला की पेट्रोल पुढच्या छिद्रांतून येऊ लागते आणि स्लो जेट (आयडलिंगचे पेट्रोल देणारा बारीक छिद्राचा भाग) पूर्ण तुंबलेला असला तरी ते लक्षातच येत नाही. इंजेक्टरच्या गाडीत तर थ्रॉटलच्या थांब्याचा स्क्रू कारखान्यात बसवून रंगाच्या ठिपक्याने बंद केलेला असतो. तो फिरवल्यास थ्रॉटल पूर्ण मिटला आहे हे कंट्रोल युनिटला (इंजिनाच्या संगणकाला) ओळखता येत नाही आणि मूळ दोषात एक नवा दोष मिसळतो.

सर्व तपासणी संपल्यावर, तापलेल्या इंजिनावर, बॉनेटखालच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याशी जुळवण्यासाठी कार्बोरेटरचा स्क्रू जरूर फिरवावा. ती शेवटची पायरी आहे.

हवेची गळती घरच्या घरी कशी शोधता येईल?

आधी डोळ्यांनी पाहावे. थ्रॉटल किंवा कार्बोरेटरच्या खालच्या बाजूला जोडलेली प्रत्येक रबरी नळी बोटांनी वाकवून पाहावी. वीस वर्षांची नळी वरून धड दिसते, पण टोकाशी, क्लिपच्या खाली, हमखास चिरलेली असते. ब्रेक बूस्टरची जाड नळी, इंजिनातील ऑइलच्या वाफा परत ओढून घेणाऱ्या पीसीव्ही झडपेची नळी, डेल्कोच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) व्हॅक्यूम ॲडव्हान्सची, म्हणजे व्हॅक्यूमनुसार ठिणगीची वेळ बदलणाऱ्या भागाची, बारीक नळी आणि एखादा भाग काढून टाकल्यावर उघडेच राहिलेले तोंड, या जागा विशेष पाहाव्यात. व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पडदा फाटलेला असला तर गळती आणि ठिणगीचे चुकलेले टायमिंग असे दोन्ही त्रास एकाच वेळी होतात.

त्यानंतर इंजिन आयडलिंगला चालू ठेवून फूटभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे संशयित जोडांजवळून फिरवावे; सूं असा आवाज जेथे वाढतो तेथे गळती असते. फिरत्या पंख्यापासून आणि बेल्टपासून नळी, ओढणी, बाही दूर ठेवावी. संशयित नळी पकडीने अलगद चिमटून पाहणे हीदेखील चांगली चाचणी आहे. चिमटल्यावर फेरे स्थिरावले, तर गळती त्या नळीच्या पुढे आहे.

पॅकिंगच्या जोडावर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून फेऱ्यांत बदल होतो का ते पाहण्याची पद्धत अनेक गॅरेजांत आहे. ती उपयोगी असली तरी तो फवारा पटकन पेट घेतो आणि सायलेन्सरचा तापलेला मॅनिफोल्ड अनेकदा त्याच बाजूला असतो. घरी हा प्रयोग करू नये. साबणाचे पाणी थेंबाथेंबाने टाकले तर ते आत ओढले जाताना दिसते. वेळ लागतो, पण आगीची भीती राहत नाही.

कार्बोरेटरच्या तळाचा पृष्ठभाग वर्षानुवर्षे नट जास्त आवळल्याने वाकलेला असतो. अशा वेळी पॅकिंग कितीही वेळा बदलले तरी गळती थांबत नाही. सपाट पट्टी आडवी धरून खालून उजेड दिसतो का ते पाहावे. असा पृष्ठभाग किंवा वाकलेले हेड सपाट करून देणारी वर्कशॉप शिवाजी उद्यमनगरात सहज मिळतात. सुटा भाग मिळत नसलेल्या जुन्या गाडीच्या मालकाला कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदाच म्हणावा लागेल.

व्हॅक्यूम गेज लावला तर कोल्हापुरात आकडा कमी दिसतो. हा दोष आहे का?

नेहमीच नव्हे. पुस्तकांतील आकडे समुद्रसपाटीचे असतात. निरोगी इंजिन तेथे आयडलिंगला पाऱ्याचे सुमारे १८ ते २० इंच व्हॅक्यूम दाखवते. कोल्हापूर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि दर तीनशे मीटरला साधारण एक इंच वजा होतो, म्हणजे येथे १६ ते १८ इंच हा आकडा चांगलाच आहे. तीच गाडी आंबा घाट उतरून रत्नागिरीला नेली तर आकडा पुन्हा दोन इंचांनी वर जाईल.

आकड्यापेक्षा काट्याची हालचाल जास्त बोलकी असते. काटा स्थिर पण खूप खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेले टायमिंग; काटा ठरावीक लयीत झटके देत खाली येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही; आणि सावकाश वरखाली तरंगत असेल तर मिश्रण चुकले आहे.

कार्बोरेटर नुकताच साफ करून घेतला, तरीही त्रास तसाच आहे. असे का?

‘साफ केला’ याचा अर्थ पुष्कळदा बाहेरून पेट्रोलने धुऊन हवा मारली एवढाच असतो. आयडलिंगचे पेट्रोल स्लो जेटमधून येते आणि त्याचे छिद्र मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही लहान असते; महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल आटून राहिलेला चिकट थर ते सहज बुजवतो. जेट काढून उजेडासमोर धरावा. छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. त्यात तार घालू नये, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते.

जेट स्वच्छ असेल, तर आयडलिंगचे पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड तपासावा. किल्ली बंद केल्यावर इंजिन चालू राहू नये म्हणून तो बसवलेला असतो आणि किल्ली चालू करताच ‘टक्’ असा आवाज करून मार्ग मोकळा करतो. वायर निसटली, फ्यूज गेला किंवा आतील पिन अडकली की इंजिन रेसवर चालते आणि पाय काढताच बंद पडते. लक्षण इतके नेमके असूनही हा भाग सर्वांत उशिरा पाहिला जातो. किल्ली चालू ठेवून वायर काढून लावली आणि आवाज आला नाही, तर वायरवर १२ व्होल्ट येतात का ते टेस्ट लॅम्पने पाहावे.

फ्लोटची (कार्बोरेटरमधील पेट्रोलची उंची राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी आणि अर्धवट अडकलेला चोक हे त्यानंतरचे मुद्दे. प्लग काळे, कोरड्या काजळीने भरलेले निघत असतील तर ते आधी पाहावेत.

इंजेक्टरच्या गाडीत कार्बोरेटर नाही. तेथे कोठून सुरुवात करावी?

थ्रॉटल बॉडीपासून. पीसीव्हीमार्गे येणाऱ्या ऑइलच्या वाफा आणि धूळ मिळून झडपेच्या कडेला काळा थर जमतो आणि आयडलिंगची हवा ज्या फटीतून जायची तीच बुजते. फटीच्या बाजूला एक वळणमार्ग असतो आणि त्यातील हवा आयडल एअर कंट्रोल झडप कमीजास्त करते. ही झडप कार्बनने अडकली की एसी किंवा पंख्याचा भार आल्यावर हवा वाढवता येत नाही आणि इंजिन बसते. थ्रॉटल बॉडी खास क्लीनरने आणि मऊ ब्रशने साफ करावी. आयडल झडपेची सुई हाताने दाबू किंवा ओढू नये, आतील बारीक आटे तुटतात.

साफसफाईनंतर किंवा बॅटरी काढल्यावर काही गाड्या उलट जास्त अस्थिर होतात, हे पाहून घाबरू नये. घाणीशी जुळवून घेताना कंट्रोल युनिटने शिकलेला हिशेब आता लागू नसतो किंवा पुसला गेलेला असतो. इंजिन पूर्ण तापेपर्यंत ॲक्सिलरेटरला हात न लावता आयडलिंगवर चालू द्यावे, मग थोडा वेळ एसी लावून चालू द्यावे; बहुतेक गाड्या एवढ्यावर सावरतात, काहींना मात्र स्कॅनरनेच रीसेट द्यावा लागतो.

चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही, म्हणजे सेन्सर ठीक आहेत असे समजावे का?

नाही. जुनी कंट्रोल युनिट फक्त तुटलेली किंवा शॉर्ट झालेली वायर ओळखतात. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तापलेल्या इंजिनालाही थंड दाखवत असेल, तर युनिटच्या दृष्टीने तो आकडा शक्य कोटीतलाच असतो; ते निमूटपणे जास्त पेट्रोल देत राहते, प्लग काळे होतात आणि इंजिन गुदमरते. अशा वेळी स्कॅनरवर कोडपेक्षा चालू आकडे पाहावेत: सकाळी थंड गाडीत पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे.

किल्ली चालू केल्यावर हा दिवा एकदा लागून नंतर विझतो का, हेही पाहावे. मुळीच लागत नसेल तर बल्ब गेला आहे किंवा कोणीतरी काढून ठेवला आहे. सेकंडहँड गाडीत हे अनेकदा आढळते.

गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होते. हे कशाचे लक्षण आहे?

गरम होऊन निकामी होणाऱ्या भागाचे. पुरावा मिळवण्याची संधी गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांतच असते, थंड झाल्यावर सर्व चाचण्या बरोबर येतात. प्लगच्या वायरला स्पार्क टेस्टर लावून स्टार्टर मारावा. ठिणगी नसेल तर कॉइल, इग्निटर, पॉइंटच्या (यांत्रिक संपर्क-पट्ट्यांवर ठिणगी पाडणाऱ्या) गाडीत कंडेन्सर, आणि इंजेक्टरच्या गाडीत क्रँक किंवा कॅम पोझिशन सेन्सर यांपैकी एक दोषी आहे. ठिणगी असेल तर पेट्रोलकडे वळावे: इंजेक्टरच्या गाडीत किल्ली चालू करताच टाकीतील पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐकू येते का ते पाहावे.

पॉइंटच्या गाडीत जुने चालक किल्ली बंद करून कॉइलवर ओले फडके ठेवतात आणि गाडी लगेच सुरू झाली तर कॉइल बदलतात. चाचणी म्हणून हे योग्यच आहे. हेच फडके यांत्रिक पेट्रोल पंपावर ठेवून गाडी सुरू झाली, तर नळीत पेट्रोलची वाफ अडकली होती असे समजावे. मे महिन्यात पन्हाळ्याचा चढ चढून लगेच वाहनतळाच्या रांगेत थांबलेल्या जुन्या गाड्यांना हा त्रास होतो. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या जवळून जात असेल तर तिला मूळ जागी, मूळ क्लिपांत बसवणे हाच उपाय आहे.

पावसाळ्यातच गाडी मिसिंग करून बंद पडते. काय पाहावे?

जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः राधानगरी आणि गगनबावड्याच्या बाजूला, हवेतील दमटपणा जुन्या इग्निशनची परीक्षाच घेतो. रात्री काळोखात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे आणि दुरूनच, हात न लावता, प्लगच्या वायरींवर निळसर ठिणग्या पळताना दिसतात का ते पाहावे. डेल्कोच्या टोपीतील केसाएवढी चीर आणि तिच्यात जमलेली कार्बनची रेघ दिवसा सहज सुटते. टोपी, रोटर आणि वायरी अशा स्थितीत एकत्रच बदलाव्यात. एकेक करून बदलण्यात पैसे वाचत नाहीत.

चालू इंजिनाची प्लगवायर उपटून ‘कोणता सिलिंडर मेला आहे’ हे पाहण्याची सवय इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत सोडून द्यावी. हाताला जबर झटका बसतो, कॉइल आणि कंट्रोल युनिट जळू शकते आणि न जळलेले पेट्रोल धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. इंजेक्टरचा कनेक्टर काढूनही तीच माहिती मिळते.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुनी गाडी बंद पडते, हे खरे आहे का?

अंशतः खरे आहे, आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हा विषय निघाला की वाद होतोच, म्हणून थोडे सविस्तर. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला सुमारे १३.५ भाग पुरते. कार्बोरेटरचे जेट जुन्या हिशेबाने कोरलेले असल्याने नव्या इंधनावर मिश्रण साधारण आठ टक्क्यांनी पातळ पडते. ज्या गाडीचे आयडलिंग आधीच काठावर होते, ती यामुळे पलीकडे ढकलली जाते. मिक्स्चर स्क्रू थोडा सैल करून पुन्हा ट्यूनिंग केल्यास बहुतेक कार्बोरेटर सावरतात. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्टरची गाडी हा फरक स्वतःच बऱ्यापैकी भरून काढते.

दुसरा परिणाम रबराचा आहे. जुन्या नळ्या, पंपाचे पडदे आणि फ्लोटच्या सुईचे टोक इथेनॉलने फुगते किंवा ठिसूळ होते. ते टाकीतील जुना चिकट गाळही सोडवते, त्यामुळे इंधन बदलल्यावर सुरुवातीला फिल्टर लवकर तुंबतो. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. म्हणून आठवड्यातून एकदाच निघणाऱ्या गाडीत अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर ठेवू नये.

तरीही पॅकिंग फाटलेले असताना सगळा दोष इंधनाला देणे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

एसी किंवा हेडलाइट लावताच इंजिन का बसते?

अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर यांचा भार वाढतो आणि फेरे वाढवणारी व्यवस्था काम करत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत एसीसाठी वेगळा आयडल-अप पडदा असतो, त्याची नळी पाहावी. चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. कमी मिळत असतील तर अल्टरनेटर, बेल्ट आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी तपासावी.

पीयूसीच्या पावतीवरून काही समजू शकते का?

पुष्कळ समजते, आणि ही माहिती आपल्याकडे आधीच असते. त्या पावतीवर आयडलिंगला मोजलेले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन छापलेले असतात. बीएस-२ आणि बीएस-३ या प्रदूषण मानकांच्या पेट्रोल कारसाठी मर्यादा ०.५ टक्का आणि ७५० पीपीएम आहे, त्याआधीच्या कारसाठी ३ टक्के आणि १५०० पीपीएम. येथे पास-नापास यापेक्षा दोन आकड्यांची जोडी महत्त्वाची आहे.

कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे: चोक, फ्लोट, तुंबलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर किंवा चुकीचे सांगणारा तापमान सेन्सर. कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी आणि हायड्रोकार्बन मात्र जास्त असेल तर मिश्रण पातळ पडून सिलिंडर चुकतो आहे, म्हणजे हवेची गळती किंवा तुंबलेला स्लो जेट. मिश्रणाचा आकडा ठीक आणि हायड्रोकार्बन प्रचंड असे असेल तर ठिणगी किंवा व्हॉल्व्ह. चाचणी तापलेल्या इंजिनावर आणि रेस न देता केलेली असावी, आणि चांगला कन्व्हर्टर असलेल्या गाडीत आकडे सौम्य होऊन येतात, हे लक्षात ठेवावे. मागील दोन-तीन पावत्या शेजारी ठेवून पाहिल्यास बिघाड केव्हा सुरू झाला तेही कळते.

पेट्रोल पंप बदलावा लागेल असे सांगितले आहे. लगेच बदलावा का?

प्रेशर मोजल्याशिवाय नको. आयडलिंगला इंजिन सर्वांत कमी पेट्रोल मागते. थकलेला पंप आधी चढाला आणि ओव्हरटेक करताना उघडा पडतो. प्रेशर गेज लावायला मिस्त्रींना फार वेळ लागत नाही. तत्पूर्वी फिल्टर बदलावा, आणि टाकीचे झाकण उघडताच हवा ओढल्याचा मोठा आवाज येऊन गाडी सुधारते का तेही पाहावे. तसे असेल तर टाकीला हवा मिळत नाही.

पेट्रोल भरल्यावरच पहिल्या काही मिनिटांत गाडी बंद पडत असेल, तर चारकोल कॅनिस्टरची (टाकीतील पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याची) पर्ज झडप उघडी अडकलेली असण्याची शक्यता जास्त आहे.

सर्व काही तपासले. आता इंजिन उघडावे लागेल का?

आधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली ठेवलेली फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) पाहावे. क्लिअरन्स कमी झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि त्याचा परिणाम आयडलिंगलाच सर्वाधिक दिसतो. मुख्य म्हणजे अशा इंजिनात टॅपेटचा आवाज येत नाही; उलट ते छान शांत वाटते. वर्षानुवर्षे गॅस किटवर चाललेल्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या सीट झिजून हे हमखास घडते.

कॉम्प्रेशन तापलेल्या इंजिनावर, सर्व प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजावे. सिलिंडरांमध्ये चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकत्रच पडले असेल तर त्यांच्यामधले हेड पॅकिंग जळलेले असते.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी दुरुस्तीनंतरही बंद पडते. कारण काय असेल?

२०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, दुधाळी या भागांत शिरले आणि अनेक गाड्या बुडाल्या. अशा गाड्यांत इंजिन धुऊन मिळते, पण कनेक्टरांच्या आत शिरलेला गाळ आणि हिरवा गंज वर्षांनी त्रास देतो. सेन्सर बदलण्याआधी त्याचा कनेक्टर उघडून पाहावा, इंजिन आणि बॉडीच्या अर्थिंगचे बोल्ट काढून घासून बसवावेत आणि टाकीचा तळ एकदा पूर्ण रिकामा करावा. सेकंडहँड गाडी घेताना गालिच्याखाली आणि सीटच्या रुळांवर गाळ दिसला तर हा इतिहास गृहीत धरावा.

करूळ किंवा आंबा घाटात उतरताना इंजिन बंद पडले तर काय करावे?

ब्रेक पुन्हापुन्हा मारू नये. बूस्टरमध्ये साठलेले व्हॅक्यूम एक-दोन वेळाच साथ देते, त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. एकदाच, घट्ट दाबून धरावे. गाडी गिअरमध्येच ठेवावी. क्लच न दाबल्यास चाकेच इंजिन फिरवत राहतात आणि वेग आवरतो. पॉवर स्टिअरिंग जड होईल, तेव्हा दोन्ही हातांनी जोर लावावा, आणि स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये. गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत. आयडलिंगचा दोष माहीत असलेली गाडी दुरुस्तीपूर्वी घाटात नेऊ नये आणि पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर तर कधीच उतरू नये.

दुरुस्ती झाली हे कसे तपासावे?

गॅरेजच्या दारात पाच मिनिटे चालवून नव्हे. ज्या स्थितीत गाडी बंद पडत होती तीच स्थिती निर्माण करावी: तापल्यावर बंद पडत असेल तर इंजिन तापवून, रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होईपर्यंत आयडलिंगवर मोकळ्या हवेत ठेवावी, बंद शेडमध्ये हे करू नये, धूर जीवघेणा असतो. मग एसी, हेडलाइट लावून, स्टिअरिंग वळवून, ब्रेक दाबून पाहावे. थंड असताना बंद पडत असेल तर गाडी रात्रभर गॅरेजमध्येच सोडावी आणि सकाळची पहिली स्टार्ट मिस्त्रींसमोर मारावी. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत आणि कोणता भाग कोणत्या दिवशी बदलला ते पीयूसीच्या पावत्यांसोबत ठेवावे.